गोळ्या उभ्या माळेत पडतायत? आधी पुंगळीची मान बघा

रायफलीची काडतुसं घरी स्वतः भरणाऱ्यांसाठी हे. लक्षणं आधी सांगतो. १०० यार्डांवर पाचही गोळ्या क्वार्टरच्या नाण्याखाली झाकल्या जातात आणि तुम्ही खूश असता. तीच काडतुसं ६०० यार्डांवर नेली की टार्गेटवर उभी माळ लागते. डावं-उजवं ठीक, पण एक भोक वर आणि दुसरं चार इंच खाली. वारा तर सहसा उभा मारत नाही. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावला तर दहा गोळ्यांतली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ यांच्यात सेकंदाला ४०-५० फुटांचा फरक निघतो. तिसरं लक्षण घरच्या बेंचवरच भेटतं. गोळी बसवताना प्रेसचा (काडतूस भरायच्या दाबयंत्राचा) दांडा एकदा अलगद खाली येतो, पुढच्या पुंगळीला (काडतुसाच्या पितळी नळकांड्याला) मध्येच अडून करकरतो, तिसरीला पुन्हा अलगद. हाताला हे कळत असतं, पण काडतुसाची लांबी बरोबर आली म्हणून आपण पुढे जातो.

यातली दोन लक्षणं जरी असली, तरी बहुतेक वेळा दोष पितळाच्या मानेत सापडतो. मान म्हणजे पुंगळीचा तो वरचा अरुंद भाग, जो गोळीला धरून ठेवतो. या धरण्याला सगळे नेक टेन्शन म्हणतात, मी पकड म्हणेन.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये सात वर्षं काढली, आता ओहायोत राहतो. ६.५ क्रीडमूर या प्रकारची रायफलीची काडतुसं स्वतः भरतो, क्लबात ६०० यार्डांच्या मॅचेस खेळतो. हा एकच दोष स्वतःच्या आणि दोस्तांच्या रायफलींत इतक्यांदा निस्तरलाय की आता क्रम ठरून गेलाय: फुकटात होतं ते आधी, पैसे लागतात ते शेवटी.

सुरू करण्यापूर्वी कायद्याचं. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्यांसाठी. तिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. आणि एच-वन-बीवरच्या मंडळींनो, तुम्हाला बंदूकच काय, एक काडतूस जवळ ठेवायलाही फेडरल कायद्याने सहसा मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राच्या गॅरेजमध्ये हात लावण्याआधी वकिलाला विचारा. पावडरचे (काडतुसातल्या दारूचे) आकडे मी इथे देणार नाही. ते छापील मॅन्युअलमधून घ्यायचे, कुणाच्या पोस्टमधून नाही. माझ्याही नाही.

आधी मानेवर खापर फोडू नका

सगळ्यात स्वस्त तपासणी स्क्रू ड्रायव्हरची. स्टॉकचे स्क्रू आणि स्कोपच्या रिंगा टॉर्क रेंचने बघा. ढिला स्कोपही उभी माळ लावतो. मग तराजू: एकच वजन पाच वेळा ठेवून पाच वेळा तोच आकडा येतो का? इलेक्ट्रॉनिक तराजू एसीच्या झोतात नाचतो. माझा नाचायचा, आणि मी महिनाभर पितळाला दोष देत बसलो होतो.

मग कंपनीची तयार मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) काडतुसं वीस घ्या आणि त्याच दिवशी, त्याच अंतरावर मारून बघा. तीही उभी पसरली तर दोष तुमच्या भरण्यात नाही. रायफलीत आहे, स्कोपमध्ये आहे किंवा तुमच्यात आहे. ती नीट पडली आणि तुमची नाही, तर पुढे वाचा.

१०० यार्डांवर दोष का दिसत नाही, तेही इथेच सांगतो. १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची गोळी सेकंदाला २७०० फुटांच्या वेगाने निघाली, तर ६०० यार्डांवर वेगातल्या दर १० फुटांच्या फरकाला साधारण पाऊण इंच उभं अंतर पडतं. ४० फुटांना तीन इंच. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकाराच्या ६०० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच सहा इंचांचं. म्हणजे निम्मं वर्तुळ तुमच्या गॅरेजनेच खाऊन टाकलं, नेम धरण्याआधी. १०० यार्डांवर तोच फरक इंचाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. गोळी मानेतून किती दाबाला सुटते त्यावर पावडर सुरुवातीला कशी पेटते हे ठरतं. पकड दर पुंगळीत वेगळी असली की वेगही वेगळा येतो.

शिक्के वाचा

आता टेबलावर सगळ्या पुंगळ्या उलट्या उभ्या करा आणि बुडावरचे शिक्के वाचा. खर्च शून्य.

आमच्या क्लबात एक नागपूरकर आहे. मागच्या उन्हाळ्यात पन्नास काडतुसांचा डबा घेऊन आला. १०० ला झकास, ६०० ला माळ. मी म्हटलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत का रे? तर म्हणाला, "अबे, पितळ तर पितळच असते न भाऊ!" रिकाम्या झाल्यावर उलट्या मांडल्या. ३१ एका कंपनीच्या, १४ दुसऱ्या, आणि ५ रेंजवर जमिनीवरून उचललेल्या, त्या कितीदा मारल्यात ते देवालाच ठाऊक.

मग दोन मुख्य ढिगांतली एकेक पुंगळी पुन्हा भरून मायक्रोमीटरने मानेचा बाहेरचा व्यास मोजला. पहिलीचा ०.२९१ इंच, दुसरीचा ०.२९४. गोळी दोन्हीत तीच, ०.२६४ची. म्हणजे एकीच्या मानेची भिंत साडेतेरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि दुसरीची पंधरा. डाय म्हणजे डागलेली पुंगळी दाबून पुन्हा मापाला आणायचा साचा (यालाच साईज करणं म्हणतात), आणि बुशिंग म्हणजे त्यातली मान दाबणारी, बदलता येणारी कडी. त्याच्या डायमधलं बुशिंग ०.२८८चं. पहिल्या ढिगाला तीन थाऊची पकड मिळत होती, दुसऱ्याला सहा. बुशिंग एकच, पकड दुप्पट. त्याला वाटत होतं की बुशिंगवर आकडा कोरलाय म्हणजे पकड ठरली. बुशिंग फक्त बाहेरचं माप ठरवतं. आतलं माप भिंत ठरवते.

वेगळ्या शिक्क्यांच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यांत ठेवा. एकाच शिक्क्याच्याही तीनदा मारलेल्या आणि आठदा मारलेल्या मिसळू नका. डब्यावर चिकटपट्टी लावून दर वेळी एक रेघ मारायची, दुधवाल्याच्या हिशेबासारखी. हे केल्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न मिटतो, पुढचं वाचावंच लागत नाही.

आणखी एक. लष्करी पुंगळी सहसा जाड असते, म्हणून आतली जागा कमी. तीच पावडर घातली की दाब वाढतो. पितळ बदललं की मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या भरणीपासून पुन्हा वर यायचं, आधीचा आकडा चालवायचा नाही. यात आळस म्हणजे जिवाशी खेळ.

मान आतून फार चकचकीत आहे का

हे पटायला मला वेळ लागला. साफ करायला स्टीलच्या पिना आणि पाणी घालून फिरवलेल्या, किंवा अल्ट्रासॉनिकमधून काढलेल्या पुंगळ्या आतूनही नव्या भांड्यासारख्या लखलखतात. पण मानेच्या आतला कार्बनचा पातळ काळा थर गोळीला वंगण म्हणून उपयोगी असतो. तो गेला की तांब्याचं जॅकेट कोऱ्या पितळावर घासतं, ठिकठिकाणी चिकटतं, आणि दांडा करकरतो. पिना मानेच्या तोंडाची कडही ठोकून आत वळवतात.

उपाय स्वस्तातला. नायलॉनचा ब्रश ग्रॅफाइटच्या भुकटीत बुडवून मानेतून एकदा फिरवा. कडेला आतून-बाहेरून चॅम्फर द्या (धार थोडी तिरकी घासून काढा), काखेत धरल्यासारखं घट्ट दाबून नाही, दोन हलके वेढे. मी तर आता कोरड्या टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करायच्या यंत्रात) मक्याच्या भुशात तासभर फिरवतो आणि आतला काळेपणा तसाच ठेवतो. टंबलरची धूळ मात्र नाकातोंडात जाऊ देऊ नका. प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या) राखेत शिसं असतं. हे काम स्वयंपाकघरात नको आणि नंतर हात साबणाने धुवा.

पितळ चमकवायला अमोनिया असलेली पॉलिश वापरू नका, घरातली समई कितीही छान निघत असली तरी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. १९२१ साली कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण, दोन्ही मिळून. मान हा तोच ताण भरलेला भाग.

डागलेल्या पुंगळीत गोळी टाकून बघा

रायफलीतून नुकतीच निघालेली, साईज न केलेली पुंगळी घ्या आणि तिच्या तोंडात मोकळी गोळी सोडा. ती स्वतःच्या वजनाने आत उतरली पाहिजे. कुठेही न अडता.

तोंडाशीच अडली तर कड वळलीय, चॅम्फर करून पुन्हा बघा. अर्ध्यात जाऊन मान-खांद्याच्या सांध्यावर अडली तर तिथे आतून पितळाची कडी जमलीय. याला डोनट म्हणतात. बऱ्याच वेळा मारलेल्या पुंगळीत खांद्याचं जाड पितळ वर सरकून ती तयार होते. गोळीचा बुडाकडचा भाग त्या कडीत बसला तर पकड भलतीच वाढते. गोळी वर बसवता येत असेल तर कडी टाळता येते, नाहीतर ती पुंगळी भंगारात.

आणि वरपासूनच घट्ट असेल, अजिबात उतरत नसेल, तर इथेच थांबा. याचा अर्थ चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) मानेला फुगायला जागाच नाही. गोळी सुटायला जागा नसली की दाब धोक्याच्या वर जातो. त्या पितळाने पुढे एकही काडतूस मारायचं नाही, गनस्मिथकडे जायचं.

आता मोजमाप

इथून पुढे हत्यारं लागतात. व्हर्नियर चालतो असं लोक म्हणतात. मी टूलरूमचा माणूस, अर्ध्या थाऊच्या प्रश्नाला व्हर्नियर मला चालत नाही. साधा ० ते १ इंचाचा मायक्रोमीटर घ्या, जुना वापरलेला असला तरी हरकत नाही.

भरलेल्या दहा काडतुसांच्या मानेचा बाहेरचा व्यास लिहा. मग साईज केलेल्या, पण न भरलेल्या दहा पुंगळ्यांचा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी पकड. बुशिंगचा आकडा विसरा. साईज करून बाहेर आल्यावर पितळ थोडं परत येतं, आणि किती परत येतं ते पितळाच्या कडकपणावर आहे. बोल्ट रायफलीला (जिच्यात दर काडतूस हाताने बोल्ट ओढून चढवतात) मी दोन थाऊच्या आसपास ठेवतो. सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या रायफलीला) तीन किंवा थोडी जास्त, कारण मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना काडतूस आपटतं आणि ढिली गोळी आत सरकते. गोळी आत सरकली की आतली जागा कमी, दाब जास्त. शंका असेल तर पावडर आणि प्रायमर न घालता एक नकली काडतूस बनवा, मॅगझिनमधून दोन-तीनदा चढवा आणि लांबी पुन्हा मोजा.

चार-पाच थाऊच्या वर पकड वाढवून फारसं काही मिळत नाही. पितळ तेवढं ताणलं की कायमचं वाकतं, म्हणजे गोळीच मान रुंद करायचं हत्यार होते. "घट्ट केली की सुधारेल" म्हणत बुशिंगवर बुशिंग विकत घेणारे मी बघितलेत. त्यांच्या ड्रॉवरमध्ये बुशिंगा असतात, टार्गेटवर माळच.

दहाही आकडे अर्ध्या थाऊच्या आत असतील तर माप ठीक आहे, पुढे जा. एक-दीड थाऊने उड्या मारत असतील तर एक्स्पांडर बॉलवर संशय घ्या. नेहमीच्या डायमध्ये मान आधी गरजेपेक्षा लहान होते, मग बाहेर ओढताना तो गोळा तिला आतून मोठी करतो. कोरडा असला तर मान ओढून लांबवतो, कधी तिरकी करतो. आत वंगणाचा पातळ हात द्या आणि ओढून बघा. आवाज बंद झाला आणि मापं जवळ आली तर चोर सापडला.

कायमचा इलाज म्हणजे गोळा काढून टाकायचा आणि मँड्रेलने (ठरावीक मापाच्या गुळगुळीत दांड्याने) मान वरून खाली मोठी करायची. मँड्रेल गोळीपेक्षा दीड-दोन थाऊने बारीक घ्यायचा. याचा फायदा असा की भिंतीतला लहानसहान फरक बाहेर ढकलला जातो आणि आतलं माप, जे गोळीला धरतं, ते सारखं राहतं. तीसेक डॉलरमध्ये सगळ्यात जास्त सुधारणा मला इथे मिळाली.

तापवून नरम करणं

मापं सारखी, तरीही दांड्याला पुंगळीगणिक वेगळा जोर लागतोय? मग माप नाही, धातू बदललाय.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. दर वेळी मान फुगते, डायमध्ये दबते, पुन्हा फुगते. प्रत्येक फेरीत ती कडक होते. लहानपणी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून जाताना हे रोज दिसायचं, तेव्हा अर्थ कळत नव्हता. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तांबट हातोडा खाली ठेवायचा, भांडं भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा ठोकायला घ्यायचा. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं-पितळ होत नाही, पाणी फक्त गार करतं.

पुंगळीला तेच करायचं, पण फक्त मान आणि खांद्याला. रिकाम्या, प्रायमर काढलेल्या पुंगळीलाच. पावडर आणि प्रायमरचे डबे दुसऱ्या खोलीत. मी गॅरेजचे दिवे मालवतो. पुंगळी खोल सॉकेटमध्ये ठेवून ड्रिलने सावकाश फिरवतो आणि ज्योतीचं निळं टोक मान-खांद्याच्या सांध्यावर धरतो. चार-पाच सेकंदांत रंग बदलू लागतो. ज्योत मानेपाशी नारिंगी झाली की झालंच, लगेच बाहेर. पितळ लखलखीत लाल दिसलं तर ती पुंगळी फुकट गेली, फेकून द्या. नव्याने करणाऱ्यांनी अंदाजावर जाऊ नये. ७५० अंश फॅरनहाइटला वितळणारा रंग मानेत आतून लावा आणि ४७५चा खांद्याखाली. वरचा वितळला पाहिजे, खालचा नाही.

बूड कधीही तापवायचं नाही. सगळा दाब बूड झेलतं, ते कडकच हवं. बूड नरम झालेली पुंगळी बोल्टमागच्या माणसाच्या चेहऱ्यावर गॅस सोडते. ज्या पुंगळीबद्दल "बूड तापलं होतं का?" असा प्रश्न पडला, ती पक्कडीने चेपून भंगारात. मला पडतो तेव्हा मीही तेच करतो.

मी दर तीन फेऱ्यांनी करतो. महागडी इंडक्शन यंत्रं मिळतात, चांगली असतात, पण ही पायरी खरंच लागतेय हे कळायच्या आधी घेऊ नका.

मानेची भिंत बाहेरून कातून सारखी करणं ही शेवटची पायरी. लेथवर आयुष्य गेलं असूनही मी ती करत नाही. चांगलं पितळ घेतलं तर कारखान्यातल्या चेंबरच्या रायफलीला गरज पडत नाही.

नवं पितळ घेताना

एकाच लॉटचे २०० नग एकदम घ्या, पन्नास-पन्नास करून नाही. उघडल्यावर दहांच्या मानेची भिंत चार बाजूंनी मोजा. एक थाऊच्या आत असेल तर ठेवा. क्रीडमूरचं काही पितळ लहान प्रायमरचं येतं आणि त्याचं ज्वालाछिद्र १.५ मिलिमीटरचं असतं. नेहमीची डिकॅपिंग पिन (वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी) त्यात अडकून वाकते, बारीक पिन आधी मागवा. नवं पितळही एकदा मँड्रेलवरून काढायचं, प्रवासात तोंडं चेपलेली असतात.

.२२ रिमफायरवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, तिथली काडतुसं व्यवहारात पुन्हा भरता येत नाहीत. ते नेमबाज वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट साठवतात.

कुठे थांबायचं

बोल्ट उचलायला नेहमीपेक्षा जोर लागला. प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला किंवा त्याभोवती काजळी दिसली. नवा प्रायमर नुसत्या बोटाच्या दाबाने बुडातल्या त्याच्या खळग्यात शिरतोय. बुडाच्या थोडं वर चमकदार कडं उमटलंय, किंवा आतून वाकवलेली तार फिरवल्यावर तिथे खाच लागतेय. यातलं एक जरी दिसलं तर त्या बॅचमधली उरलेली सगळी काडतुसं मारायची नाहीत, गोळ्या उपसून काढायच्या. कडं आणि खाच म्हणजे पुंगळी तिथून दोन तुकडे व्हायच्या बेतात आहे. मान चिरलेली असेल तर ती पुंगळी भंगार. पण एकाच वेळी तीन-चार चिरल्या तर सगळा डबाच.

गोळी नळीत अडकल्याचा संशय आला, आवाज फुसका आला किंवा झटका लागला नाही, तर पुढचं काडतूस चढवू नका. बोल्ट उघडा, नळीतून उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर दांड्याने ठोकत बसू नका, गनस्मिथकडे द्या.

आणि हे सगळं करून तयार मॅच काडतुसंही उभीच पसरत असतील तर गनस्मिथला चेंबर आणि नळीचा घसा बोअरस्कोपने (नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीने) बघू द्या, आणि हेडस्पेस (बोल्टपासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) तपासू द्या. जाताना रायफलीबरोबर डागलेल्या पाच पुंगळ्या न धुता, न साईज करता घेऊन जा. आमचा गनस्मिथ सगळ्यात आधी त्याच मागतो, आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घासूनपुसून लखलखीत करून नेल्या होत्या.